काल गारा झाल्या, तुमच्याकडं काय पडलं? (मराठवाड्यातल्या नोंदवहीवाल्यांचा धागा)

वहीवाला_औसा | सोमवार, सकाळी ९:१०

काल दुपारी साडेतीनपर्यंत अंगाची लाही होत होती. मग वारं एकदम पडलं. लिंबाचं पानही हलेना. वायव्येकडं आभाळ काळं नाही, निळसर-हिरवट दिसायला लागलं तेव्हाच मी म्हशी आत घेतल्या. ४:१० ला पहिली गार पत्र्यावर. आठ मिनिटं चाललं. बहुतेक बोराएवढ्या, मधूनच एखादी सुपारीएवढी. आज सकाळी साडेआठला पाऊस मोजायची नळी वाचली: १७ मिमी, त्यात वितळलेल्या गाराही आल्या.

काढून पडलेली ज्वारी भिजली. कैऱ्यांचा सडा आहे. ते असो, त्याचे फोटो तुम्हाला शंभर ठिकाणी मिळतील.

धागा काढायचं कारण वेगळं. रात्रीपासून गावच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय, "असं आपल्याकडं कधीच झालं नव्हतं." मी २०१२ च्या दुष्काळापासून रोज वही लिहितो. २०१४ चं मार्चचं पान उघडलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात आणि विदर्भात गारांनी उच्छाद मांडला होता, आठवतंय का? वावरं पांढरी झाली होती, पाखरं मरून पडली होती. बारा वर्षं झाली नाहीत तोवर माणसं "कधीच" म्हणायला लागली.

तर इथं लिहा: तालुका, सुरू झाल्याची वेळ, गारेचा आकार (हरभरा, बोर, सुपारी, लिंबू असं चालेल), नळीतला आकडा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ, हे विसरू नका. ऐकीव नको. पाहुण्याच्या फोनवरून कळलेलं तर मुळीच नको.

गोदाकाठ_गंगाखेड | ९:२६

निरंक. नुसती वावटळ आली, शेजाऱ्याच्या कडब्याची गंज उधळून गेली आणि आमच्या अंगणात आणून टाकली. आता कडबा कुणाचा यावर चर्चा चालू आहे.

हळदवाला_वसमत | ९:४१

६ मिमी. गारा नाहीत. पण सहा मिलिमीटरनं काय होतं ते हळदवाल्याला विचारा. शिजवून वाळत घातलेली हळद होती, ताडपत्री ओढेपर्यंत अर्धी भिजली. रंग गेला की भाव गेला. परत उलथापालथ, परत ऊन. ढोलात घालून घासणं नंतर.

बालाघाटी | १०:०२

पाटोदा तालुका. वेळ साधारण पाच. नळी नाही माझ्याकडं, पण हा व्हिडिओ बघा, डोंगरकडच्या वस्तीवर रस्ता पूर्ण पांढरा, पोरं गोळे करून मारायलेत. खाली लिहिलंय "बीडमध्ये बर्फवृष्टी". हे खरंच हिम म्हणायचं का? आमचा धाकटा विचारतोय, त्याला काय सांगू?

माजी_फौजी_कळमनुरी | १०:३५

बालाघाटीदादा, धाकट्याला सांगा की हे गारच. मी नोकरीतले बरेच हिवाळे द्रास आणि कुपवाड्याकडं काढलेत, हिम पोटभर बघितलंय.

एक तर हिम पडतं तेव्हा छपरावर आवाजच नसतो. पहाटे उठल्यावर दार उघडत नाही तेव्हा कळतं की रात्री पडलं. गार पडताना तुमच्या आमच्या म्हशी दावं तोडतात. दुसरं, हिमाची पाकळी ढगातल्या वाफेपासून थेट बर्फाची बनते आणि खालपर्यंत हवा थंड असेल तरच तशी पोचते. आपल्याकडं मार्चमध्ये जमिनीवर ३५ च्या वर तापमान, हिम उतरेल कुठून? गार मात्र ठोस असते. एवढी जड आणि एवढ्या वेगात येते की वितळायला वेळच मिळत नाही. ढीग साचला की दुरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून व्हिडिओवाल्यांचं फावतं.

अवांतर: तिकडं हिम मोजायची रीत मजेची आहे. नुसती पट्टी खुपसली तर फक्त जाडी कळते. पाणी किती हे बघायचं तर मापाच्या भांड्यात हिम घ्यायचं, ठरावीक गरम पाणी ओतून वितळवायचं आणि ओतलेलं वजा करायचं. ढोबळ हिशेब असा की दहा सेंटिमीटर ताजं हिम म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. भुसभुशीत असलं तर त्याहून कमी, ओलं असलं तर जास्त. औसेकरांनी गारा वितळवून नळी वाचली ती त्याच रीतीनं.

बालाघाटी | १०:४०

सांगितलं. तो म्हणतो, "मग गोळे खाल्ले तर चालतंय का?" आता याचं उत्तर द्या.

अंबाजोगाईची_लेक | ११:१५

खाऊ नको म्हणावं, त्यात धूळ असते. उलट एक गार कापून बघायला सांगा. मोठी असली तर आत कांद्यासारखी वलयं दिसतात, एक दुधी, एक काचेसारखं. मी शाळेत विज्ञान शिकवते, दर गारपिटीला फ्रीजरमध्ये चार गारा ठेवते आणि वर्गात नेते. सासूबाईंना फ्रीजरमधली ती डबी अजिबात आवडत नाही.

वलयं का पडतात? तापलेल्या जमिनीवरून हवा ढगात वर झेपावते. ढगाच्या वरच्या भागात पाणी शून्याच्या खाली जाऊनही थेंबच राहिलेलं असतं, गोठायला काहीतरी टेकू शोधत. बर्फाचा कण मिळाला की ते त्याला चिकटून गोठतं. थेंब झटकन गोठले तर हवा आत अडकून थर दुधी होतो, पाणी भरपूर असून सावकाश गोठलं तर पारदर्शक. वर चढणाऱ्या हवेचा झोत तोलून धरतो तोवर गार वाढत राहते. लिंबाएवढी गार तोलायची तर तो झोत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास लागतो. तोललं नाही की खाली.

मग जुलैत एवढे ढग असून गारा का नाहीत, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. पावसाळ्यात हवा वरपर्यंत दमट आणि कोमट असते, गोठण्याची पातळी पाच किलोमीटरच्या वर गेलेली असते आणि ढगातला झोतही वळवाच्या ढगाइतका उग्र नसतो. बारीकसारीक गार झालीच तर वाटेत वितळते. फेब्रुवारी-मार्चला खाली उकाडा आणि वर चांगली थंड, कोरडी हवा असते. गारेला तेच मानवतं.

आता फौजीकाकांच्या हिमाचा आणि आपल्या गारेचा संबंध सांगते, कारण तो आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळाभर वाऱ्यांच्या लाटा पूर्वेकडं येत असतात. पेपरात कुणी पश्चिमी चक्रावात लिहितं, कुणी विक्षोभ, कुणी झंझावात, तिन्ही एकच. काश्मीर-हिमाचलात हिम टाकतात ते हेच. त्यातली एखादी लाट दक्षिणेकडं जास्त खोल झुकली की वरच्या थरातली थंड हवा महाराष्ट्रापर्यंत पोचते. त्याच वेळी खाली बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प येत असेल तर दोघांची गाठ मराठवाडा-विदर्भावर पडते. तिकडं द्रासला फावडी निघतात, इकडं औशाला म्हशी आत घ्याव्या लागतात.

माजी_फौजी_कळमनुरी | ११:२२

ताई, एवढी वर्षं हिम उपसलं, पण हे आज कळलं. आम्ही एवढंच बघायचो की तिकडं पडून आभाळ निवळलं की दोन-तीन दिवसांनी घरून फोन यायचा, "इकडं हुडहुडी भरलीय."

परभणी_कृषी | ११:५०

तेही त्याच लाटेचं शेपूट. ती पुढं सरकली की मागून उत्तरेचे कोरडे वारे येतात, आभाळ निरभ्र होतं आणि जमिनीची ऊब रात्रीतून निघून जाते. परभणीचा पारा हिवाळ्यात बातमीत असतो तो याच्यामुळंच. कृषी विद्यापीठाचा आकडा गावातल्यापेक्षा कमी दिसला तर भांडू नका. तिथं मोकळी शेती आहे, गावात भिंती आणि डांबर रात्रभर ऊब सोडतात.

हात जोडून एक विनंती. मे महिन्यात गच्चीवरच्या तापमापीचा फोटो टाकून "आमच्याकडं ४९" लिहू नका. तापमान सावलीत, हवा खेळती ठेवून, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर मोजतात. तुम्ही गच्चीचं तापमान मोजताय.

मृगाचा_किडा | दुपारी १२:३०

सगळं शास्त्र मान्य. पण माझं वय ७१ आहे आणि माझ्या लहानपणी रोहिणीत एक वळीव, मृगात पेरणी, आर्द्रात कोळपणी, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, सगळं घड्याळासारखं होतं. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस निघालं की माणसं निर्धास्त. आता येळवशीला (वेळ अमावास्येला) थंडी नसते, शेतात कोपीपुढं आंबील पिताना घाम येतो. ढगाळ राहिलं की हरभऱ्यावर घाटेअळी, धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो. ऋतूच फिरलेत. यात वही काय सांगणार?

वहीवाला_औसा | १२:५५

काका, रागावू नका, पण घड्याळासारखं कधीच नव्हतं. १९७२ तुम्ही स्वतः बघितलंय. त्या साली कोणतं नक्षत्र वेळेवर आलं? चांगली वर्षं डोक्यात राहतात, त्यांचीच सरासरी आपण काढतो. येळवशीच्या घामाचं मात्र मला नाकारता येणार नाही, कारण माझ्याकडं पावसाची वही आहे, थंडीची नाही. तापमान मी लिहिलंच नाही. ती माझी चूक.

अंबाजोगाईची_लेक | दुपारी १:१०

नक्षत्रांबद्दल एक भर घालते, काकांना आवडेल की नाही माहीत नाही. सूर्य मृगात जातो ती तारीख आज ७-८ जून आहे, पण ती कायमची नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळं ऋतूंच्या हिशेबानं नक्षत्राची तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकते. हजार वर्षांत दोन आठवडे. म्हणजे एखादी म्हण फार जुनी असेल तर तिचा मृग मे महिन्यातला होता. पाऊस ऋतूप्रमाणं येतो आणि पंचांग ताऱ्यांप्रमाणं चालतं, दोघांची फारकत आपोआप होत राहते.

मृगाचा_किडा | १:२५

हे कुणी सांगितलं नव्हतं. बरं. पण २०२५ चं काय? मेमध्येच विहिरींना पाणी!

परभणी_कृषी | १:४०

ते विचित्रच होतं खरं. मान्सून केरळात २४ मेला, मुंबईत २६ मेला. आमच्याकडं फोनवर फोन, "पेरू का?" पाऊस तर पडतोय, वापसाही (पेरणीजोगी ओल) आलाय. आणि त्यानंतर महिनाअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सून जागच्या जागी अडकला. घाई केलेल्यांची दुबार पेरणी झाली. त्याआधी २०२३ चा ऑगस्ट, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. आपल्याकडं तर फुलात आलेलं सोयाबीन करपलं. वर्षाची बेरीज बघून काही कळत नाही, पावसाचा खंड किती दिवसांचा आणि कोणत्या पंधरवड्यात पडला ते बघायला लागतं.

तसा मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पश्चिमेचे ढग घाटावर रिते होऊन आपल्याकडं येतात. आपलं खरं देणं-घेणं बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाशी. म्हणून नांदेड-हिंगोलीला जास्त, बीड-संभाजीनगरला कमी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरवर सगळ्यांचा जीव.

सीनाकाठ_परंडा | १:५८

सप्टेंबरचं नाव काढलंत. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या दारात सीना नदी आली होती. आठ दिवस ढगफुटीवर ढगफुटी.

वहीवाला_औसा | दुपारी २:०५

दादा, तुमचं नुकसान मोठं आहे, शब्दावरून वाद घालणं बरं दिसत नाही. तरी लिहितो. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिमी. तुमच्याकडं झालं ते बहुतेक वेगळं होतं. कमी दाबाचे पट्टे पाठोपाठ आले, जमीन आधीच तुडुंब, वरून परत मोठा पाऊस. जमिनीत जिरायला जागाच उरली नाही, मग पडेल ते सगळं नदीत. हवामान खातं २४ तासांत ६४.५ च्या वर जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. या पायऱ्या वापरल्या तर पुढं कुणी वही वाचेल तेव्हा त्याला काय झालं ते कळेल. सगळ्यालाच ढगफुटी म्हटलं तर काही कळणार नाही.

सीनाकाठ_परंडा | २:१४

वही पण वाहून गेली भाऊ.

वहीवाला_औसा | २:१६

माफ करा. नवी मी पाठवतो.

चाकरमान्या_लातूर | २:४०

पायऱ्यांचं म्हणताय तर आमची गंमत ऐका. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी झालं तर अतिवृष्टी. एका वर्षी आमच्या मंडळाची नोंद ६३ आली. माझ्या शेतातल्या नळीत ९१. यंत्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, आणि उभं कुठं आहे? एका बाजूला इमारत, दुसरीकडं वाढलेला सुबाभूळ. मी अर्ज दिला, वहीची झेरॉक्स जोडली. उत्तर आलं की खासगी नोंद ग्राह्य नाही. दोन मिलिमीटरनं अख्खं मंडळ मदतीच्या बाहेर.

परभणी_कृषी | २:५५

खासगी नोंद ग्राह्य नाही हे खरंच आहे, त्यावर भांडून उपयोग नाही. पण यंत्र चुकीच्या जागी आहे हे फोटो आणि अंतर मोजून दाखवता येतं, ती तक्रार वेगळी करा. अडथळा जेवढा उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं असा नियम आहे. तुमच्या नळीला तो लागू आहे हेही बघा. बरेच जण परसात पेरूखाली लावतात.

चाकरमान्या_लातूर | ३:०१

पेरू नाही, शेवगा आहे. तोडतो.

गोदाकाठ_गंगाखेड | ३:२०

शेवगा तोडू नका, नळी हलवा!

बालाघाटी | ३:३५

एक प्रश्न. मोबाइलवर रडार बघितलं तर काल आमच्या डोक्यावर काहीच दिसत नव्हतं. मग गारा आल्या कुठून?

अंबाजोगाईची_लेक | ३:५०

लांबच्या रडारचा झोत सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते. अडीचशे किलोमीटरवर सगळ्यात खालचा झोतसुद्धा पाच-सहा किलोमीटर उंचीवर असतो. ढग लहान असताना तो त्याच्या खालीच राहतो, दिसतच नाही. उपग्रहाचं चित्र आणि स्वतःचे डोळे दोन्ही वापरा.

माजी_फौजी_कळमनुरी | दुपारी ४:१०

आणि कान. वीज चमकली की मोजायला लागायचं. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला की काम सोडून घर गाठायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चांगलं आहे, पण वावरात रेंज गेली की काय करणार?

आमच्या शिवारात मागं एका बाभळीखाली तीन म्हशी एकदम गेल्या. गुराखी लघवीला लांब गेला होता म्हणून वाचला. झाडाखाली थांबू नका हे सगळ्यांना माहीत असतं आणि पाऊस आला की सगळे झाडाखालीच असतात. जवळ काहीच निवारा नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवे पडू नका.

हळदवाला_वसमत | ४:१८

आणि मोबाइल बंद करायचा.

अंबाजोगाईची_लेक | ४:२५

मोबाइल वीज ओढत नाही हो. उलट मदतीला लागतो. तारेचा फोन, मोटारीचा स्टार्टर, तारेचं कुंपण यांना हात लावू नका. पाऊस आला की मोटर बंद करायला धावणारे जास्त सापडतात.

सातवी_ब | संध्याकाळी ६:०५

नमस्कार. मी पप्पांच्या मोबाइलवरून लिहितेय, त्यांनी परवानगी दिली आहे. आमच्या बाईंनी हा धागा वाचून दाखवला. मला पण वही करायची आहे पण नळी नाही. विकतची महाग आहे.

वहीवाला_औसा | ६:२०

ये बाळ. विकतची नकोच. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, सपाट बुडाचा डबा घे. वर रुंद, खाली निमुळता नको. त्यात पट्टी उभी धरून जेवढं पाणी तेवढा पाऊस, डबा बारीक असो की मोठा. कारण एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, सगळीकडं सारखंच. तुझ्या पप्पांचं एक एकर असेल तर २५ मिमीत किती लिटर पडलं ते काढून बघ. आकडा बघून पप्पा चहा सांडतील.

झाडापासून, भिंतीपासून लांब ठेव. दगड लावून पक्का बसव. रोज सकाळी साडेआठला वाचायचं आणि ओतून टाकायचं. पाऊस नसला तरी लिहायचं: निरंक.

सातवी_ब | ६:४८

एक लाख एक हजार एकशे पंचाहत्तर लिटर!! एकर ४०४७ चौमी धरला. पप्पांनी चहा नाही सांडला पण परत गुणाकार करायला लावला.

वहीवाला_औसा | मंगळवार, सकाळी ८:३८

आज: निरंक. ढग सहा आणे, वारं दक्षिणेचं, दमट. दुपारी परत बघा. बाकीच्यांचं?

गोदाकाठ_गंगाखेड | ८:४१

२ मिमी, पहाटे. कडब्याचा वाद मिटला, अर्धा-अर्धा.

हळदवाला_वसमत | ८:४४

निरंक, देवाची कृपा.

चाकरमान्या_लातूर | ८:५२

निरंक. नळी हलवली. शेवगा आहे.

सातवी_ब | ९:०३

रात्री पाऊस आला होता, मी आवाज ऐकला. पण कुत्र्यानं डबा पाडला. सगळं सांडलं. आता शून्य लिहू का?

वहीवाला_औसा | ९:०५

शून्य लिहू नको. शून्य म्हणजे पडला नाही. "नोंद नाही, कुत्र्यानं डबा पाडला" असं लिही.

सातवी_ब | ९:०७

लिहिलं. कुत्र्याचं नाव पण लिहिलं.